बिनचहाची ऐकणी

शनिवारी दुपारी पावणेतीनच्या सुमाराला गोंदियाच्या बाजारात 'नादसिद्धी साउंड सेंटर'समोर रस्ता अडला होता. दोन सायकली, एक फळांची हातगाडी आणि कोंड्याची पोती भरलेला एक टेम्पो एकमेकांत अडकून उभे होते, आणि नवल म्हणजे कोणीच हॉर्न वाजवत नव्हतं. टेम्पोच्या ड्रायव्हरनं आपण होऊन इंजिन बंद केलं होतं. चपला काढून, टाचा उंचावून तो दुकानात डोकावत होता.

दुकान स्पीकर आणि ॲम्प्लिफायरचं, पण पायऱ्यांवर देवळाबाहेर असतो तसा चपलांचा ढीग. आत तीस-पस्तीस माणसं हात जोडून उभी होती. समोर टेबलावर झेंडूचा जाड हार घातलेली काळी मशीन, दोन्ही बाजूंना कमरेइतके उंच बॉक्स आणि मधोमध दुकानाचे मालक गजेंद्रजी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते याच गाळ्यात चार्जर आणि इअरफोन विकत. आता ते भगवा कुर्ता घालत, स्वतःला नादगुरू म्हणवत, आणि त्यांचा उजवा हात कायम गोमुखीत असे. जप करताना माळ कोणाला दिसू नये म्हणून हातावर जी कापडी पिशवी चढवतात, ती गोमुखी. गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही नादगुरूंचा जप खंडत नसे.

"गाना वही, मशीन वही, डब्बे वही," नादगुरू म्हणाले. "बदलणार फक्त तार. ये तांबा चालीस दिन गुफा में बैठा है. त्याचा एकेक कण मी सुरात बसवला आहे. साधी तार आवाज आणते. ही नादतार गाणाऱ्याला घेऊन येते. आँखें बंद, हाथ जोडो, तीन बार ओंकार."

सगळ्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या प्रेमिलानंही मिटले. ती कामठ्याच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायची. आपण सांगितल्याबरोबर डोळे मिटले, ही गोष्ट तिला पुढे दोन दिवस टोचत राहणार होती.

कामठ्याचं भजन मंडळ नवा साउंड सेट घ्यायला आलं होतं. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या यात्रेत गायचं, तर जुना कर्णा नको असं ठरलं होतं. वस्तू घेण्याच्या बाबतीत हे मंडळ भलतंच चिकित्सक, आणि त्यामागे एक कारण होतं. काही वर्षांपूर्वी पेटी घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं जिलेबी चारून दोनदोन कप चहा इतक्या प्रेमानं पाजला, की पेटीचा एक सूर बसका आहे हे मंडळाला घरी परतल्यावर कळलं. तेव्हापासून मंडळाचे प्रमुख शालीकराम बुवा यांनी नियम घातला. वस्तू एकदा ऐकायची आणि पैसे न देता गावी परतायचं. मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा. मग पुन्हा जाऊन ऐकायची, आणि त्या दिवशी दुकानदाराचा चहा घ्यायचा नाही. घरूनही चहा पिऊन निघायचं नाही, म्हणजे जीभ आणि कान दोन्ही कोरे राहतात, असं बुवांचं शास्त्र होतं. गावात याला बिनचहाची ऐकणी म्हणत.

दुसरा नियम असा, की दुकानदार लावेल ते गाणं ऐकायचं नाही. आपलं न्यायचं. मंडळाचं गाणं ठरलेलं होतं. आठ वर्षांपूर्वी वारलेले त्यांचे मुख्य गायक बकाराम बुवा यांचं एक भजन, गावातल्या सप्ताहात कोणीतरी मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेटवर घेतलेलं. बकाराम बुवांच्या मुलानं, कैलाशनं, ते पेन ड्राइव्हवर उतरवून आणलं होतं. कैलाश शेती करायचा, मंडळात पेटी वाजवायचा आणि प्रेमिलाचा नवरा होता. मंडळासोबत आज एक जादा माणूस होतं, कैलाशची आई निर्मलाबाई. नवऱ्याचा आवाज मोठ्या मशीनवर लागणार म्हटल्यावर ती घरी थांबणं शक्यच नव्हतं.

निर्मलाबाईला गेल्या तीन वर्षांपासून ऐकू कमी येत होतं. आता तर दारात भाजीवाली ओरडून निघून गेली तरी पत्ता लागत नसे. कानाची तपासणी झाली होती, कानात बसवायची मशीन ठरली होती आणि ती बसवायची वेळ सोमवारी दुपारी बाराची मिळाली होती. धान विकून आलेल्या पैशांतून मशीनचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. एवढ्यासाठी प्रेमिलानं सहा महिने सासूशी वाद घातला होता. कानात खुंटी घालून मी गावात कशी फिरू, हे निर्मलाबाईचं म्हणणं. अखेर मागच्या आठवड्यात ती कशीबशी हो म्हणाली होती.

नादगुरूंनी आल्याआल्या तिची विचारपूस केली होती. कान कधीपासून जड झाले, मशीन कुठली, किती पैसे ठेवलेत, सगळं अगदी मायेनं. मग हाताला धरून तिला बॉक्सच्या समोर उभं केलं होतं.

साध्या तारेवर भजन आधीच वाजून झालं होतं. निर्मलाबाईचा चेहरा त्या वेळी कोरा होता; काहीतरी गुणगुणतं आहे, एवढंच तिला कळलं. आता नादतार जोडली होती. तीन ओंकार झाले. भजन पुन्हा सुरू झालं.

फरक होता. टाळांची किणकिण वेगळी ऐकू येत होती, ढोलकी छातीवर वाजत होती, आणि बकाराम बुवा तर जणू दोन पावलं पुढे सरकून गात होते. प्रेमिलाच्या अंगावर काटा आला. तिसऱ्या कडव्याच्या आधी बुवांना घसा खाकरायची सवय होती. ते खाकरले, आणि निर्मलाबाईनं कैलाशचा दंड धरला.

"खोकलले," ती म्हणाली. "आयकलं का रे? खोकलले ते."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागं टेम्पोच्या ड्रायव्हरनंही डोळे पुसले. शेजारचे कापडवाले मुन्नालाल यांनी महिन्यापूर्वीच एक नादतार घेतली होती; आपण आधीच सांगत होतो, अशा चेहऱ्यानं ते चौफेर पाहत होते.

नादगुरू निर्मलाबाईजवळ आले. तिला ओठ वाचता येतील इतक्या सावकाश ते हलवत, आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते बोलले. "माताजी, तुमच्या कानाला काही झालेलं नाही. आजवर तुम्हाला आवाजच खोटा मिळत होता. कान में मशीन डालोगे, तो नाद का धागा कायमचा तुटेल. मेरी बात छोडो. आत्ता तुम्हाला कोण भेटलं, ते आठवा."

नादतारेची किंमत कानाच्या मशीनइतकीच निघाली. रुपया कमी नाही, रुपया जास्त नाही. योगायोग असे असतात.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये निर्मलाबाईनं निर्णय सांगून टाकला. "सोमवारी मी दवाखान्यात येत नाही. ते पैसे तारेले द्या."

प्रेमिला काय सांगणार होती? फरक तिलाही ऐकू आला होता. घरी पोचल्यावर कैलाशनं तिला अंगणात गाठलं. तो रडवेला झाला होता.

"माय आठ वर्सांनी बाबाचा आवाज आयकून रडली, प्रेमिला. तिले मी आता कोन्या तोंडानं नाही म्हनू?"

"तार खोटी असली तर?"

"तू आयकलं नाही का?"

"ऐकलं ना. तेच तर."

वर्गात ती मुलांना नेहमी सांगायची, की एका वेळी एकच गोष्ट बदला, तेव्हाच कशानं काय झालं ते कळतं. नादगुरूंनीही हेच सांगितलं होतं, की फक्त तार बदलतो आहे. पण हे सांगणारे स्वतः नादगुरू, आणि ते सांगत असताना पाहणाऱ्या सगळ्यांचे डोळे बंद.

रविवारी सकाळी निर्मलाबाई ओसरीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती, पाठ घराकडे. प्रेमिलानं घरातला छोटा गाण्याचा डबा उचलून तिच्या मागं ठेवला आणि त्यात तोच पेन ड्राइव्ह खुपसला. या डब्यावर आवाजाचा आकडा लाल अक्षरांत दिसतो. तिनं आकडा अठरावर ठेवला. भजन वाजलं, बुवा खाकरले, सुपाची लय तशीच चालू राहिली. तिनं आकडा चोवीसवर नेला आणि भजन पुन्हा लावलं. तिसऱ्या कडव्याच्या आधी सूप थांबलं.

"खोकलले," निर्मलाबाई म्हणाली आणि वळली.

प्रेमिला डब्याकडे बघत राहिली. त्याला बॅटरी होती, पेन ड्राइव्ह होता आणि आवाज वाढवायचं बटण होतं. बाहेरून जोडायची तार मुळात नव्हतीच. सुपातून उडालेली थोडी कणी, म्हणजे तांदळाचे बारीक तुकडे, डब्यावर पडली होती आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला टुणटुण उडत होती. चोवीसवर उंच उडत होती. तिनं आकडा अठरावर आणला, तेव्हा ती नुसती थरथरली.

तिनं सासूला जवळ जाऊन, मोठ्यानं सांगून पाहिलं. "आई, इथं तार नाहीये. मी फक्त आवाज वाढवला."

निर्मलाबाईनं क्षणभर विचार केला. मग तिचा चेहरा उजळला. "काल तार आयकली ना, त्याचा गुन आहे. कान उघडले माहे."

प्रेमिलाला हसूही आलं आणि रडूही. घरात एकटीनं लावलेला शोध घरातच राहणार होता. नादतार दुकानात पटली होती, तर खोटीही ती दुकानातच, त्याच माणसांसमोर ठरायला हवी होती. तिनं स्टीलचं एक पातेलं घेतलं, त्याच्या तोंडावर प्लास्टिकचा पातळ कागद ढोलकीसारखा ताणून बांधला आणि मूठभर कणी पुडीत बांधून पिशवीत टाकली.

सोमवारी साडेदहाला मंडळ नादसिद्धीत हजर झालं. निर्मलाबाईनं पैशांचा बटवा पदराला बांधला होता. बारा वाजता तो कुठल्या दारात सुटणार, एवढाच प्रश्न शिल्लक होता. आदल्या वेळच्या चमत्काराची बातमी पसरली होती, त्यामुळे गर्दी शनिवारपेक्षा जास्त होती. नादगुरूंनी चहा मागवला. मंडळानं तो नाकारला. शालीकराम बुवांचं वय बहात्तर. सकाळचा पहिला चहा चुकला की त्यांचं डोकं धरतं, आणि तसं ते धरलेलं होतं. कपाळ दाबत ते खुर्चीवर बसले.

प्रेमिलानं पातेलं बॉक्ससमोर ठेवून त्यावर कणी पसरली.

"ये क्या है, मॅडमजी?" नादगुरूंनी विचारलं.

"तांदूळ. तुमची तार त्यालाही ऐकू येते का पाहते."

नादगुरू मंद हसले. शंका घेणाऱ्याच्या घरी सूर नांदत नाही, असं काहीसं ते बोलले. नाद अनुभवायचा असतो, मोजायचा नसतो, असंही बोलले. प्रेमिलानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तांदूळ देवाला चालतो, तारेला का चालू नये? गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. नादगुरूंनी मान डोलावून परवानगी दिली. हसणारं गिऱ्हाईक फार वेळ हसू देऊ नये, हे त्यांना धंद्यानं शिकवलं होतं.

साधी तार. भजन लागलं. कणी जागच्या जागी थरथरली.

मग नादगुरूंनी मशीन बंद केली, डाव्या हातानंच काळी तार सोडली, भगव्या दोऱ्यात गुंडाळलेली नादतार जोडली आणि डोळे मिटायची आज्ञा केली. माणसांनी डोळे मिटले. तांदळाला डोळे नसल्यामुळे प्रेमिला त्याच्यासाठी म्हणून उघड्या डोळ्यांनी उभी राहिली. पण तिची नजर कणीवर होती. ओंकार झाले, भजन लागलं, आणि पहिल्याच थापेला कणी दोन बोटं उंच उडाली.

"नादगुरूजी, आवाज वाढला," ती म्हणाली.

"वाढणारच," नादगुरू शांतपणे म्हणाले. "तार की शक्ति है. मैं यही तो कह रहा था."

गर्दीनं माना डोलावल्या. उत्तर चोख होतं. तांदळानं आवाज वाढल्याचं सांगितलं, कोणी वाढवला ते सांगितलं नाही. निर्मलाबाईनं पदराची गाठ सोडायला घेतली.

तेवढ्यात शालीकराम बुवा खुर्चीवरून उठले. डोकेदुखीनं त्यांचे डोळे मिटेनात, म्हणून ओंकार चालू असताना ते नादगुरूंकडे पाहत बसले होते. आवाज त्यांनी जपूनच लावला.

"महाराज, मी चाळीस वर्सांपासून जप करून राहिलो. आपन माळेले अंगठ्याजवळचं बोट लावत नाही. म्हनून गोमुखीले त्या बोटासाठी भोक असते, बोट बाहेर ठेवाले." त्यांनी स्वतःची तर्जनी उभी करून दाखवली. "तुमचं बोट आत आहे. आनं भोकातून काळं काय डोकावून राहिलं? ओंकाराच्या टायमाले ते तुमी मशीनकडं काऊन केलं होतं?"

गुप्त जप आहे, असं नादगुरू म्हणाले. बुवांनी वाद घातला नाही. ते पुढे झाले, वाकले आणि प्रसाद घेण्यासाठी धरतात तशी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"मंग दर्शन द्या. असा जप मी पायला नाही."

मागून दोघातिघांनी दर्शन, दर्शन म्हटलं. सगळ्यांचे हात आधीपासून जोडलेलेच होते. नादगुरूंनी मागं पाहिलं. मागं भिंत होती. गोमुखी बुवांच्या ओंजळीत आली.

आत माळ नव्हती. बोटाएवढा काळा रिमोट होता. एकशे आठ मण्यांच्या जागी नऊ बटणं.

बुवांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि एक बटण दाबून धरलं. बकाराम बुवा एवढ्या मोठ्यानं गरजले की पातेल्यावरची कणी उसळून मशीनच्या झेंडूच्या हारात जाऊन बसली.

काही जण हसले, काही जण पायऱ्यांवर आपल्या चपला शोधू लागले. नादगुरूंनी मात्र हार मानली नाही. आपण मशीन वही, डब्बे वही एवढंच म्हटलं होतं. आवाज वाढवणार नाही असं कधी म्हटलं, असा त्यांचा प्रश्न होता. रिमोट सोयीसाठी आहे, तारेचा गोडवा वेगळा. मुन्नालालही त्यांच्या मदतीला धावले. आवाज कितीही ठेवा, नादतार आपल्याला झटक्यात ओळखू येते, घरी रोज ऐकतो, असं ते म्हणाले.

प्रेमिला याच वाक्याची वाट पाहत होती. तिनं मशीनवरचा हार काढला. त्याच्या आड निळा आकडा चमकत होता. रिमोट बुवांकडेच राहिला. आकडा एकाच जागी ठेवून, बॉक्सच्या मागं चादर धरून, कैलाशनं वाकून तारा बदलायच्या आणि मुन्नालालनी सांगायचं, असं ठरलं. पहिलं वाजलं. साधी तार, मुन्नालाल म्हणाले. कैलाश वाकला, खुडबुड केली, उठला. दुसरं वाजलं.

"ये लो," मुन्नालाल म्हणाले. "यही है नादतार. गोडवा बघा."

कैलाशनं चादर खाली सोडली. दोन्ही बॉक्सना काळी तार होती. नादतार त्याच्या खांद्यावर लोंबत होती. "मी काही बदललंच नाही, शेटजी," तो म्हणाला. "नुसता वाकून उठलो."

मुन्नालालनी पुढे होऊन ती तार चाचपून पाहिली. त्यांच्यावर हसण्यात अर्थ नव्हता, आणि प्रेमिला हसली नाही. शनिवारी तिच्याही अंगावर काटा आला होता. तेच तिनं सगळ्यांना सांगितलं. तेच गाणं थोडं मोठं लागलं की कानाला ते मोठं वाटत नाही, स्वच्छ वाटतं, गोड वाटतं. बारीक आवाज, जे आधी दबलेले असतात, ते वर येतात. त्यात डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि काहीतरी घडणार हे आधीच सांगितलेलं. मग उरलेलं काम मनच करतं.

आता निर्मलाबाई उरली होती. तिला या बोलण्यातलं निम्मंही ऐकू गेलं नव्हतं. रिमोट तिनं पाहिला होता, पण त्याचा अर्थ ती लावू पाहत नव्हती, आणि बटवा तिच्या मुठीत होता. प्रेमिलानं तिचा हात धरून तिला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि खुणेनं सांगितलं, बाबा खोकलले की हात वर करा.

या मशीनवर आकडा चोवीस, साधी तार. हात खालीच राहिला. आकडा चोवीस, नादतार. हात खालीच. आकडा तीस, नादतार. हात वर गेला. मग कैलाशनं ती सोडून दोन्ही बॉक्सना काळी तार जोडली, नीट वर उचलून सगळ्यांना दाखवली, आणि बुवांनी आकडा तीसवरच ठेवला.

भजन सुरू झालं. दोन कडवी गेली. टेम्पोचा ड्रायव्हर आजही आला होता. तो ओठ आवळून उभा होता.

निर्मलाबाईचा हात वर गेला.

तिनं वळून पाहिलं. सगळे तिच्याकडे पाहत होते. तिची नजर काळ्या तारेवर गेली, कैलाशच्या हातातल्या भगव्या तारेवर गेली, बुवांच्या हातातल्या रिमोटवर गेली. शहाणी बाई होती. तीस वर्षं तिनं रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बाया कामाला लावल्या होत्या आणि कोणी चलाखी केली तर तिला लांबून कळायचं.

"म्हंजे आवाज मोठा झाला म्हनून आयकू आलं," ती सावकाश म्हणाली.

प्रेमिलानं मान हलवली.

"ह्यानं सांगतलं, कानाले काही झालं नाही. आवाजच खोटा होता म्हने."

निर्मलाबाईनं मुठीतल्या बटव्याकडे पाहिलं.

"आनं दवाखान्यातली मशीन काय करते?"

"जे तुम्हाला ऐकू येत नाही ते मोठं करते, आई. तुमच्या कानापुरतं. दिवसभर. माझा आवाज, भाजीवालीचा, सगळ्यांचा."

निर्मलाबाईनं बटव्याची गाठ पुन्हा आवळली आणि पदराला बांधली. "मंग सहा महिन्यांपासून तू हेच त सांगून राहिली होती," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगाचं ना."

हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं बुवा हसले आणि पुन्हा कपाळ धरून बसले. कोणीतरी धावत जाऊन समोरच्या टपरीवरून त्यांच्यासाठी चहा आणला. ऐकणी संपली होती, आणि चहा दुकानदाराचा नव्हता.

पुढचं थोडक्यात. मुन्नालालना त्यांच्या तारेचे पैसे सायंकाळपर्यंत परत मिळाले; त्यासाठी गर्दीतली चार माणसं त्यांच्यासोबत थांबली होती. दुकानावरच्या पाटीतले 'नादगुरू' आठवड्याभरात पुसले गेले. मंडळानं सेट मात्र तिथूनच घेतला, काळ्या तारेसकट. चमत्कार काढून टाकल्यावरही मशीन चांगलीच वाजत होती, आणि चांगल्या मशीनवर राग काढणं बुवांना पटलं नाही. रिमोट सेटसोबत आला. गोमुखी बुवांनी परत केली. आत एक खरी माळ घालून.

त्या दिवशी बाराला पाच मिनिटं असताना निर्मलाबाई दवाखान्यात पोचली. तंत्रज्ञानं मशीन कानात बसवली, कमी-जास्त केली, पुन्हा केली. निर्मलाबाई दचकली. वरचा पंखा एवढा कुरकुरतो, हे तिला माहीत नव्हतं. प्रेमिलानं मोबाइलवर भजन लावलं, नेहमीच्या आवाजात, आणि मोबाइल टेबलावर ठेवला. निर्मलाबाई खाली मान घालून ऐकत राहिली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, बुवा खाकरले, तिसरं झालं. भजन संपल्यावरही तिनं मान वर केली नाही. कैलाशला काळजी वाटली.

"काय झालं, माय? येत नाही का आयकू?"

"येते ना," निर्मलाबाई डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्या कडव्यात सूर सुटला यांचा. आनं तुमी सारे आठ वर्सांपासून वा वा करून राहिले."

मंगळवारी आठवीच्या वर्गात प्रेमिलानं पातेलं, प्लास्टिक आणि कणी नेली. फळ्यावर तिनं एकच वाक्य लिहिलं: 'शनिवारी मला फरक ऐकू आला. तो कशाचा होता?' विज्ञानाच्या बाईंना फसवलं गेलं, याचा मुलांना केवढा आनंद झाला. तिनं तो होऊ दिला, कारण ज्याला आपण फसू शकतो हे ठाऊक आहे, तोच तपासून पाहतो. कान फसतात, डोळे फसतात, शिकलेली माणसंही फसतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुम्हीही गाण्याची मशीन घ्यायला जाल, औषध घ्यायला जाल, कोणाच्या पायाशी बसायला जाल. तिथे कोणी आधी डोळे मिटायला सांगितलं, तर ते उघडे ठेवा, काय काय बदललं ते विचारा, आणि घरी परतून एक दिवस जाऊ द्या. यानं भक्ती कमी होत नाही. शालीकराम बुवांची झाली नाही. त्यांच्या चाळीस वर्षांच्या जपामुळेच तर एक बोट चुकीच्या जागी आहे, हे त्यांना दिसलं. जे खरं आहे ते उघड्या डोळ्यांनी, दुसऱ्यांदा आणि चहाशिवायही तसंच ऐकू येतं.